मयताचा जबाब

मराठी दैनिकाच्या आतल्या पानावर, शहरवृत्ताच्या रकान्यात बहुधा अगदी तळाशी, चार-पाच ओळींची एक बातमी वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत छापली जात आलेली आहे. अमुक चौकात भरधाव ट्रकच्या धडकेने सायकलस्वार जागीच ठार झाला. मृत इसम एका गृहनिर्माण संस्थेत रखवालदार होता. रात्रपाळी आटोपून तो घरी परतत असताना हा प्रकार घडला. ट्रकचालक वाहनासह पसार झाला असून पुढील तपास अमुक उपनिरीक्षक करीत आहेत. गाव बदलते, चौक बदलतो, ट्रकच्या जागी कधी डंपर येतो तर कधी पाण्याचा टँकर, परंतु बातमीचा सांगाडा बदलत नाही. या चार ओळींत असत्य असे काही नसते, आणि तरीही त्या वाचून संपल्यावर तो मनुष्य का मेला हे वाचकाला कळलेले नसते. कळल्यासारखे मात्र वाटलेले असते, आणि सगळा घोटाळा या वाटण्यातच आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पादचारी ३२,८२५ होते आणि सायकलस्वार पावणेपाच हजारांहून अधिक, म्हणजे दिवसाकाठी सरासरी तेरा. एकंदर संख्येच्या मानाने हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास भरते आणि म्हणून ते किरकोळ वाटते; परंतु रस्त्यावरून सायकलच किती झपाट्याने नाहीशी होत आली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे किरकोळपण उरत नाही. ही संख्या जेथून येते ते पोलीस ठाणे आणि ती चार ओळींची बातमी जेथून येते ते पोलीस ठाणे एकच असते, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

बातमी जन्माला कशी येते ते पाहिले की तिचा सांगाडा असा का, हे उमगते. गुन्हेवृत्त सांभाळणारा वार्ताहर सायंकाळी आपल्या हद्दीतील ठाण्यांना दूरध्वनी करतो आणि ठाणे अंमलदार त्याला नोंदवहीतून गुन्ह्याचा क्रमांक, लावलेली कलमे, फिर्यादीचे व मयताचे नाव वाचून दाखवतो. फिर्यादी कोण असतो? पुष्कळदा मयताचा भाऊ किंवा मुलगा, जो घटना घडली तेव्हा घरी झोपलेला होता. पुष्कळदा गस्तीवरचा हवालदार, जो सरकारतर्फे फिर्याद देतो. ज्यांनी ती घटना डोळ्यांनी पाहिली त्यांत वाहनचालक हा एक, आणि तो सापडलाच तर त्याचा जबाब कागदावर येतो: सायकलवाला अचानक आडवा आला, त्याने हात दाखवला नाही, त्याचा तोल गेला. ही कैफियत खोटीच असते असे नाही. माणसाला जे दिसले तेच तो सांगतो, आणि उंच आसनावर बसलेल्या चालकाला सायकल खरोखरच अचानक दिसते, कारण त्यापूर्वी त्याने ती पाहिलेलीच नसते. पण ट्रक किती जवळून गेला, खड्डा चुकवण्यासाठी आपण उजवीकडे का सरकलो, मागून भोंगा वाजला की नाही, हे ज्याला नक्की ठाऊक होते तो शवागारात असतो. उभय पक्षांचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा करू नये हा न्यायाचा पहिला दंडक. येथे एक पक्ष कायमचा मूक झालेला असतो आणि निवाडा मात्र शहर आवृत्ती छपाईला जाण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो.

वास्तविक पोलिसांच्या दप्तरात पुढे पुष्कळ काही जमा होते. घटनास्थळाचा पंचनामा होतो. त्यात रस्त्याची रुंदी, चतुःसीमा, टायर घासल्याच्या खुणा, सायकल कोठे पडली होती आणि प्रेत कोठे होते यांची नोंद असते. मोटार वाहन निरीक्षक वाहनाचे ब्रेक तपासून अहवाल देतो. मरणोत्तर तपासणीत जखमा कोणत्या बाजूला आहेत ते लिहिले जाते. या कागदांवरून घटनेचे बरेचसे चित्र उभे करता येईल, परंतु ते तयार होईपर्यंत बातमी छापून, वाचून, रद्दीत गेलेली असते, आणि त्यांच्यासाठी परत ठाण्याची पायरी चढणारा वार्ताहर विरळा. चालक सापडलाच नाही, तर काही काळाने गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला, अशा अर्थाची ‘अ’ समरी न्यायालयाकडे पाठवून प्रकरण मिटवले जाते. कधी कधी तर याहून विलक्षण प्रकार घडतो. मृत व्यक्तीच ‘स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत’ ठरवून तिच्यावरच गुन्हा दाखल होतो. दुचाकीस्वारांच्या बाबतीत हे वाक्य वृत्तपत्रांतून सर्रास वाचायला मिळते. आरोपी हयात नसल्याने खटला उभा राहू शकत नाही, म्हणून ते प्रकरणही निकालात निघते, आणि मेलेल्याची बाजू मांडण्यासाठी न्यायालयाची जी एक जागा होती तीही बंद होते.

आता बातमीच्या शब्दयोजनेकडे येऊ. ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हा आपल्या वृत्तलेखनाचा लाडका प्रयोग. यात ताबा आपण होऊन सुटतो. तो कोणी सोडत नाही. रात्रभर न झोपलेला चालक, हातातला दूरध्वनी, झिजलेले टायर किंवा ठेकेदाराने बांधून दिलेला फेऱ्यांचा हिशेब, यांपैकी काहीही असो, ते सारे या एका क्रियापदात विरघळून जाते. दुसरा प्रयोग वाहनालाच कर्ता करण्याचा: ट्रकने चिरडले, मोटारीने उडवले, टँकरखाली सापडला. खुनाच्या बातमीत चाकूला कोणी कर्ता करीत नाही, पण रस्त्यावर मात्र यंत्रे आपल्या बुद्धीने माणसे मारीत हिंडतात असे वाटावे, अशी ही भाषा आहे. याउलट मृताबद्दलचे तपशील बारकाईने दिलेले असतात: त्याने हेल्मेट घातले नव्हते, सायकलला दिवा नव्हता, तो रस्ता ओलांडण्याचा प्रयत्न करीत होता. मोटारसायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती आहे, साध्या सायकलस्वाराला आपल्या मोटार वाहन कायद्यात ती नाही, हे येथे सांगितलेले बरे. आणि सायकलचे हेल्मेट युरोपीय मानकाप्रमाणे तपासले जाते ते ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने डोके आपटल्यावर काय होते हे पाहण्यासाठी, म्हणजे सायकलवरून स्वतः पडण्याच्या प्रसंगापुरते. ते जरूर घालावे. परंतु दहा टनांच्या ट्रकचे मागचे चाक अंगावरून गेलेल्या माणसाच्या बातमीत हेल्मेट नसल्याचा उल्लेख येतो, तेव्हा तो शरीरशास्त्राचा भाग उरत नाही.

यावर संपादकांचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. न्यायालयाने दोषी ठरवण्याआधी चालकाला दोषी म्हणणे वृत्तपत्राला परवडत नाही आणि शोभतही नाही. पण दोष लावणे आणि कर्ता सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘ट्रकचालकाने सायकलस्वाराचा बळी घेतला’ हा आरोप झाला. ‘ट्रक चालवणाऱ्या इसमाने मागून येऊन सायकलला धडक दिली, असे दोन प्रत्यक्षदर्शींनी सांगितले’ हे वृत्त झाले, आणि त्यात कोणाचीही अब्रू जात नाही.

शब्दांनी एवढा फरक पडतो काय, अशी शंका घेणाऱ्यांसाठी एका अमेरिकी प्रयोगाची हकीकत सांगण्याजोगी आहे. २०१९ साली टारा गॉडार्ड, केल्सी राल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९९९ लोकांना एका पादचाऱ्याच्या अपघाताची बातमी वाचायला दिली. बातमीचे मसुदे तीन होते आणि प्रत्येक वाचकाला त्यांपैकी एकच मिळाला. पहिल्यात वाक्यांचा रोख पादचाऱ्यावर होता, दुसऱ्यात तो वाहनचालकावर वळवला होता, आणि तिसऱ्यात त्या भागात असे प्रसंग यापूर्वीही घडले आहेत हा संदर्भ जोडला होता. पहिला मसुदा वाचणाऱ्यांनी मृताला अधिक प्रमाणात दोष दिला. दुसरा वाचणाऱ्यांच्या मनातला दोषाचा काटा चालकाकडे झुकला. आणि तिसरा वाचणाऱ्यांना रस्त्याची रचना सुधारावी, हा उपाय अधिक पटला. घटना तीच, मृत्यू तोच, फक्त वाक्ये फिरवलेली. याच मंडळींनी प्रसिद्ध झालेल्या दोनशे स्थानिक बातम्या तपासल्या, तेव्हा पहिल्या मसुद्याची रीतच सर्वत्र रूढ असल्याचे आढळले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तर २००१ सालीच ‘अपघात’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आपल्या पानांतून हद्दपार केला होता, कारण त्या शब्दात टाळता न येण्याची ध्वनिच्छटा आहे आणि बहुतेक इजा टाळता येण्याजोग्या असतात. २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने, निष्काळजीपणाचा आरोप असेल तेथे हा शब्द टाळावा, अशी सूचना आपल्या बातमीदारांना दिली. आणि २०२१ साली वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये रस्त्यावरील धडकांच्या वार्तांकनाची आचारसंहिताच तयार झाली.

परंतु मला या सर्वांहून अधिक बोलका वाटतो तो ॲरिझोना राज्यातील टेंपी या गावचा प्रसंग, कारण पहिल्या दिवशीची बातमी आणि तपासाअंती निघालेले सत्य यांतील अंतर तेथे अक्षरशः सेकंदांत मोजून ठेवलेले आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री दहाच्या सुमारास एक एकोणपन्नास वर्षांची स्त्री आपली सायकल हाताने ढकलीत रुंद रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीची, चालकाविना चालण्याची चाचणी देत असलेली व्होल्वो मोटार तिच्यावर येऊन आदळली आणि ती मरण पावली. दुसऱ्याच दिवशी गावच्या पोलीसप्रमुखांनी एका दैनिकाला सांगितले की ती बाई अंधारातून एकाएकी रस्त्यावर आली आणि माणूस चालवीत असता काय किंवा यंत्र चालवीत असते काय, ही टक्कर टाळणे कठीणच होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी हे वाक्य उचलले. ती पादचाऱ्यांसाठी आखलेल्या पट्ट्यांवरून चालत नव्हती, हाही तपशील सर्वत्र गेला.

त्यानंतर सुमारे वीस महिन्यांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने आपले निष्कर्ष मांडले. मोटारीच्या यंत्रणेला ती स्त्री धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. एवढ्या अवधीत थांबणे सहज शक्य होते. पण पट्टे आखलेले नाहीत तेथे माणूस रस्ता ओलांडत असेल, ही कल्पनाच यंत्रणेत घातलेली नसल्यामुळे ती त्या आकृतीला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल ठरवीत राहिली, आणि दर वेळी नाव बदलले की तिची वाटचाल नव्याने हिशेबात घेऊ लागली. व्होल्वो कंपनीने मुळात बसवलेली आपत्कालीन ब्रेकची सोय चाचणीच्या वेळी बंद ठेवलेली होती. लक्ष ठेवण्यासाठी चालकाच्या आसनावर बसवलेली व्यक्ती आपल्या दूरध्वनीच्या पडद्याकडे पाहत होती. २०२३ साली तिने न्यायालयात कसूर कबूल केली. रस्त्याच्या मध्यभागी दुभाजकावर विटांची सुबक पायवाट बांधलेली होती, जी पाहून कोणालाही येथून ओलांडायचे असते असेच वाटावे, आणि तिच्या तोंडाशी ओलांडू नये अशी पाटी लावलेली होती. मृत स्त्रीच्या रक्तात अमली पदार्थ सापडला, हेही त्या अहवालाने लपवले नाही. कारणांची अशी एक साखळीच्या साखळी निघाली. हे सारे उलगडले ते त्या मोटारीत सेकंदासेकंदाची नोंद ठेवणारे यंत्र होते म्हणून. आपल्या चौकातल्या डंपरमध्ये असे यंत्र नसते, आणि ‘ती अंधारातून एकाएकी आली’ या वाक्यावरच त्याची फाईल बंद होते.

आपल्याकडच्या रस्त्यावर सायकलस्वार नेमका कसा मरतो, याची एक तऱ्हा जवळून पाहण्यासारखी आहे. सायकल डाव्या कडेने चालवावी असा शिरस्ता आणि शिकवण. सिग्नलला ट्रक उभा असतो, त्याच्या डाव्या बाजूला हातभर जागा मोकळी असते, आणि सायकलस्वार त्या जागेतून पुढे सरकून केबिनच्या दाराशी येऊन थांबतो. चालकाचे आसन उजवीकडे आणि जमिनीपासून चांगले उंच. डाव्या दाराखालचा काही फुटांचा टापू त्याला ना खिडकीतून दिसतो ना आरशातून. ट्रकला डावीकडे वळायचे असेल, तर लांब वाहन वळणात बसावे म्हणून चालक ते आधी किंचित उजवीकडे घेतो, आणि सायकलस्वाराचा समज होतो की हा सरळ जाणार. मग ट्रक डावीकडे वळू लागतो. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूने, वळण कापत येतात. पदपथाचा कठडा एकीकडे आणि सरकत येणारी चाके दुसरीकडे, यांच्यामध्ये सायकलस्वाराला निसटायला जागाच राहत नाही. बातमीत येते: ‘वळण घेणाऱ्या ट्रकच्या मागील चाकाखाली सापडून’. शब्द अगदी बरोबर आहेत. आणि त्या वळणाची त्रिज्या कमी केली असती तर ट्रकला वेग उतरवावा लागला असता, थांबण्याची रेषा सायकलसाठी चार मीटर पुढे आखली असती तर तो मनुष्य चालकाला समोर दिसला असता, ट्रकच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील मोकळ्या जागेला आडवी संरक्षक पट्टी असती तर तो आत ओढला गेला नसता, यांपैकी एकही गोष्ट त्या शब्दांत नाही.

दुसरी तऱ्हा मोकळ्या रस्त्यावरची, पहाटेची, मागून बसणाऱ्या धडकेची. येथे कारण सरळ वेगाचे असते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानात शिकवलेले असते. ताशी साठ किलोमीटरने जाणारी मोटार चालकाला भान यायच्या एका सेकंदातच सुमारे सतरा मीटर पुढे आलेली असते. जेथे पादचारी व सायकली मोटारींबरोबर मिसळतात तेथे वेगमर्यादा ताशी तीस असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले ते याच गणिताच्या आधारावर, आणि २०१९ साली ऑस्लो शहरात एकही पादचारी किंवा सायकलस्वार दगावला नाही यामागेही इतर उपायांबरोबर हेच गणित होते.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर नेरूळजवळ भाड्याच्या एका मोटारीने मागून धडक दिल्याने अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. चेंबूरला राहणारे हे अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख होते आणि पेंटियम या संगणक-प्रक्रियकाच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या निधनाची बातमी देशोदेशी गेली. त्यांचे कर्तृत्व, त्यांचा छंद, त्यांच्याबरोबर सायकल चालवणारे सोबती, सारे वाचकांपुढे आले, आणि त्या मार्गावरील वेगाबद्दलही लिहिले गेले. हे योग्यच झाले. मुद्दा एवढाच की त्याच जिल्ह्यात त्याच महिन्यात कामावर जाताना मेलेल्या एखाद्या गवंड्याच्या वाट्याला यातले काही आले नसते. आपल्या शहरांत सायकल चालवणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. एक आरोग्यासाठी वा हौसेसाठी पहाटे बाहेर पडणाऱ्यांचा, ज्याच्याकडे चमकणारे अंगरखे, दिवे आणि वृत्तपत्राला पत्र लिहू शकणारे मित्र असतात. दुसरा बसचे भाडे वाचवण्यासाठी किंवा बसच नसल्यामुळे सायकल मारणाऱ्यांचा, ज्यात रखवालदार, पेपर टाकणारी मुले, दूधवाले, बांधकामावरचे मजूर येतात. दुसरा वर्ग संख्येने फार मोठा आणि अंधारात, भररस्त्यावर अधिक वेळ असलेला. त्याच्या बातमीत मृताचे नावही कित्येकदा चुकीचे छापले जाते.

वृत्तपत्राने मनावर घेतले म्हणजे काय घडू शकते याचा दाखला नेदरलँड्समध्ये आहे, आणि तो काहीसा अस्वस्थ करणाराही आहे. आज सायकलींचे माहेरघर समजला जाणारा हा देश १९७० च्या सुमारास मोटारींच्या पुरात सापडला होता. १९७१ या एका वर्षात तेथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी त्याच वर्षी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली गेली. त्याने १९७२ मध्ये आपल्या दैनिकात लेख लिहिला; शीर्षक होते ‘बालहत्या थांबवा’. हे शब्द भडक आहेत, आणि शांतचित्ताने वृत्तलेखन करणाऱ्याला ते खटकतील. तरीही त्याने ज्याला आजवर दैव म्हटले जाई त्याला प्रथमच कर्म म्हटले. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्ता अडवून तेथे टेबले मांडून जेवायला बसले, मुले सायकलींवरून मोर्चे घेऊन गेली, आणि पुढच्याच वर्षी खनिज तेलाची टंचाई आल्यावर मोटारींविना रविवार कसा असतो हे सर्वांनी पाहिले. स्वतंत्र सायकलमार्ग, वस्तीतल्या रस्त्यांवर चालण्याच्या वेगाचे बंधन, आणि १९९४ च्या वाहतूक कायद्यातील १८५ वे कलम, ज्यानुसार सायकलस्वाराला धडक देणाऱ्या मोटारमालकावर भरपाईची जबाबदारी प्रथमदर्शनीच येते, हे सगळे त्या वाटेवर आले. सगळे आलबेल झाले असे मात्र नव्हे: २०२२ साली तेथे रस्त्यांवर ७३७ माणसे मेली आणि त्यांत २९१ सायकलस्वार होते, बरेचसे वृद्ध.

लंडनच्या ‘द टाइम्स’ने असाच वसा २०१२ च्या फेब्रुवारीत घेतला. सायकलींसाठी सुरक्षित शहरांची आठ कलमी मागणी त्याने पहिल्या पानावर छापली. शहरात येणाऱ्या लॉऱ्यांना आरसे, संवेदक आणि संरक्षक पट्ट्या बसवाव्यात, हे तिचे पहिले कलम होते, आणि त्याच महिन्यात ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. निमित्त काय? आदल्या नोव्हेंबरात त्याच वृत्तपत्राची एक तरुण वार्ताहर कचेरीच्या जवळच लॉरीखाली सापडून अत्यवस्थ झाली होती. दोन्ही ठिकाणी बातमीदाराच्या स्वतःच्या घरात किंवा कचेरीत मृत्यू डोकावल्यावर बातमीची भाषा बदलली. तोवर बदलली नव्हती.

एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याची गोष्ट या दोन दाखल्यांशेजारी ठेवून वाचावी. नगरपालिकेला सायकलचा कर भरून पितळेचा बिल्ला हँडलला लावावा लागे, संध्याकाळी बिनदिव्याची सायकल किंवा डबलसीट दिसली की पोलीस अडवीत, आणि कारखान्याचा भोंगा झाला की खडकीकडचा रस्ता सायकलींनी भरून जाई. ते सायकलस्वार काही फार शिस्तीचे होते असे जुने लोकही म्हणणार नाहीत. ते संख्येने इतके होते की रस्त्याचा वेग तेच ठरवीत. स्कूटरी, मग मोटारसायकली, मग मोटारी आल्या आणि वेग ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे गेला. २००६ पासून सातारा रस्ता व सोलापूर रस्ता येथे जलद बसमार्गाच्या जोडीला सायकलमार्ग बांधले गेले. त्यांवरून एकदा सायकल नेऊन पाहावी: मधेच विजेच्या पेट्या, मधेच बसथांबा, मधेच उभ्या केलेल्या दुचाक्यांची रांग, आणि चौक आला की मार्ग संपतो. जेथे धोका सर्वांत अधिक नेमके तेथेच संरक्षण नाहीसे होते. २०१७ मध्ये महापालिकेने आठशेहून अधिक किलोमीटरांच्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षी डिसेंबरात भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या.

अशा शहरात एक सायकलस्वार मेला, की बातमीत त्या रस्त्याचा हा पूर्वेतिहास यावा अशी अपेक्षा अवाजवी नाही. सरकारी व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटरांच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात झाले किंवा दहा माणसे मेली, तर तो टप्पा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. महामार्गाला हे माप ठीक. पण शहरातले सायकलस्वार एका ठिकाणी मरत नाहीत. या चौकात एक, दोन मैलांवर एक, असे विखरून मरतात, आणि त्यामुळे कोणत्याच चौकाला डाग लागत नाही. त्यांना जोडणारे सूत्र, म्हणजे तसेच डावे वळण, तसाच संपलेला सायकलमार्ग, तोच टँकरच्या फेऱ्यांचा वेळ, दिसायचे असेल तर ते जुन्या बातम्या एकत्र ठेवून पाहणाऱ्यालाच दिसेल, आणि असा संग्रह वृत्तपत्राच्या कचेरीइतका दुसरीकडे कोठे आहे? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल करणाऱ्या प्राधिकरणाने, ठेकेदाराने किंवा सल्लागाराने ठरवून दिलेली मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू ओढवला, तर त्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड क्षुल्लक आहे, पण रस्ताही आरोपी होऊ शकतो हे कायद्याने मान्य केले आहे. सायकलस्वाराच्या मृत्यूच्या बातमीत या कलमाचा उल्लेख वाचल्याचे मला तरी स्मरत नाही.

आणखी एक ओळ त्या चार ओळींत सहज मावेल. वाहन अज्ञात राहिले, तर मृताच्या वारसांना २०२२ च्या योजनेनुसार दोन लाख रुपये भरपाई मिळते. त्यापूर्वी ही रक्कम पंचवीस हजार होती. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्याकडे करावयाचा असतो आणि त्याबरोबर प्रथम खबरीची प्रत, मरणोत्तर तपासणीचा अहवाल व बँकेच्या खातेपुस्तकाची नक्कल लागते. रखवालदाराच्या घरी हे सांगणारे बहुधा कोणी नसते, आणि चालक वाहनासह पसार झाल्याचे छापणाऱ्या दैनिकाला ते सांगण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.